दाराच्या आतली खुर्ची

तंजावूर,
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

चि. कीर्तना,

आशीर्वाद. आणि ही कुठली रीत, ते मला आधी सांग. इतकी वर्षं माझ्या घरात, माझ्या पंख्याखाली बसलेली पोरं आता इथल्याच हॉटेलात मोठी सभा भरवणार, आणि तिथे सगळ्यांनी यायचं, फक्त मी नाही. "सोबतची माणसं आणू नयेत." हे तू लिहिलंस. ग्रुपवर लिहिलंस, इंग्रजीत. त्या पोरांतल्या कार्तिकने मला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा तो फोनकडे बघत होता, माझ्याकडे नाही. तेवढ्यावरून मला कळलं ही ओळ कोणासाठी आहे ते.

फोनवर तुला विचारलं तर तू म्हणालीस, "आत्या, तू तिथे दिवसभर बसून काय करणार?" मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल रागाने ठेवला. उत्तर सुचलं नाही म्हणून ठेवला. आता सुचलंय, म्हणून लिहितेय. फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि मेसेज केला तर अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी होतेस. वेंकटराव उद्या रात्रीच्या गाडीने चेन्नईला निघालाय, त्याच्या पिशवीत मेतकुटाच्या डब्याबरोबर हा कागद घालते. तुला देवनागरी एकेक अक्षर लावून वाचावी लागते, ठाऊक आहे मला. मीच शिकवली, आजोबांनी मला शिकवली तशी. तर लाव एकेक अक्षर. मलाही लिहायला वेळ लागलाय.

इकडची खबर म्हणजे पाऊस. सांडगे वाळत नाहीत, लुगडी वाळत नाहीत. मार्गळी महिना लागतोय, तर समोरची कृष्णवेणी विचारते, यंदा तुमची कीर्तना येणार का दारात कोलमची रांगोळी घालायला. मी म्हटलं, ती आता हॉटेलात सभा घालते.

तर सभा. तू विसरली असशील म्हणून सांगते. तुझं ऑफिस बंद होतं, तू घरून काम करायचीस, आणि एक दिवस म्हणालीस, आत्या, शनिवारी चार पोरं येतील, तीही हेच सॉफ्टवेअरचं काम करतात, ह्या गावात आम्हाला शिकवणारं कोणी नाही तर एकमेकांना शिकवू. मी म्हटलं, चपला बाहेर काढणार असतील तर येऊ देत. चारांची वीस झाली. मग तुला ऑफिसने परत बोलावलं, तुझे अप्पा-अम्मा तुझ्या मागोमाग चेन्नईला गेले, आणि पोरं माझ्या दारात राहिली. महिन्याचा दुसरा शनिवार आला की येतातच. एकाने चार्जरची वायर ऊंजलच्या, त्या झोपाळ्याच्या, साखळीला गुंडाळली होती, त्याला मी अजून सोडलेला नाही. दुसरा पिझ्झा घेऊन आला, त्या करपलेल्या धिरड्याला मी उंबरा ओलांडू दिला नाही, बाहेर तिण्ण्याच्या ओट्यावर बसून खा म्हटलं. कधी तिरुचीहून कोणी येऊन नवीन काही शिकवून जातो. नाहीतर आपणच केलेलं दाखवतात, चुकलेलंच जास्त, आणि बाकीचे ते सोडवत बसतात. मी दाराजवळ स्टुलावर, मांडीत शेवग्याची पानं, खुडत. मला गेट-मामी म्हणतात. म्हणोत.

आता हरिता. तू तिला एकदोनदाच पाहिलीस. ओरत्तनाडूकडच्या रघोजीची मुलगी, आपल्यासारखेच इथले मराठी, घरात मराठी बोलतात, ती तर तुझ्यापेक्षा बरी बोलते. कॉलेज संपवून घरी बसली होती. पहिल्या शनिवारी बाप घेऊन आला. रघोजीने चप्पल काढली नाही. उंबऱ्यापलीकडूनच आतली सगळी पोरं मोजली, मग मला बघितलं, माझं स्टूल बघितलं, आणि म्हणाला, संध्याकाळच्या बसला बसवून द्या. तेव्हापासून येते. तिच्यामागून आणखी दोघी यायला लागल्या. त्यांच्या घरीही तेच बोलणं, मामी आहे ना तिथे.

तिने काय केलंय ते तुला कार्तिकने सांगितलं असेल. मी माझ्या तोंडाने सांगते. तिच्या गावाला बस दिवसातून थोड्याच वेळा. आली की गेली कोणाला कळत नाही, माणसं कालव्याच्या पुलावर भिजत उभी. आता जो बसमध्ये चढेल त्याने एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, की पुढच्या गावांना लगेच मेसेज जातो, बस निघाली म्हणून. बस्स, एवढंच. म्हातारी माणसंसुद्धा हौसेने देतात मिस्ड कॉल, फुकट आहे म्हणून. हे तिने माझ्या हॉलात बसून केलं, रडत रडत केलं. एकदा लॅपटॉप मिटून माझ्याकडे आली, मामी, मला नाही जमणार म्हणाली. मी म्हटलं, बस, पानं खुड. पानं खुडली, नाक पुसलं, परत जाऊन बसली.

एकवीस तारखेच्या सभेत ती उभी राहून हे सगळं सांगणार. कंपन्यांची माणसं येणार, आणि जे बोलतील त्यांतल्या काहींना सहा महिने ठेवून घेऊन शिकवणार, वर पगार देणार. हे तू जमवलंस. चांगलं केलंस. ते मी नाकारत नाही.

शुक्रवारी रघोजी आला. तिण्ण्यावर बसला. कॉफी दिली तर टंबळर हातात धरून बसला, पीत नाही. कुठलं हॉटेल, तिथे बार आहे का, हॉल कुठल्या मजल्यावर, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "अक्का, मी पोरीला इथे धाडतो ते घर बघून नाही. तिथे कोण आहे?"

"मी आहे," म्हटलं.

"तुम्हाला बोलावलंय?"

"माझ्याशिवाय भरते का ह्यांची सभा?"

मग तो कॉफी प्याला. गार झाली होती.

तर हे मी बोलून बसले, आणि दुसऱ्याच दिवशी कार्तिकने तुझी ती ओळ वाचली. तुझं कारणही सांगितलं त्याने. मागे दुसऱ्या गावात असंच झालं, लोक अख्खं घर घेऊन आले, जेवून गेले, आणि जे शिकायला आले होते ते भिंतीला टेकून उभे. म्हणून ह्या वेळी खुर्च्या मोजक्या आणि नावं आधी. कारण खरं आहे. म्हणूनच राग जास्त आला. खोटं असतं तर मी तुला फोनवरच सरळ केली असती.

कार्तिक भला मुलगा. त्याने तोड काढली. म्हणाला, मामी, हॉलच्या बाहेर लॉबी आहे, मोठा सोफा आहे, एसी आहे, टीव्ही आहे, तुम्ही तिथे बसा, जेवण मी आणून देतो, हरिता जाता-येता दिसेल. मी लगेच रघोजीला फोन लावला, असं असं आहे, चालेल का. तो म्हणाला, अक्का, तुम्ही दाराशी असलात म्हणजे झालं, आत की बाहेर, मला त्याचं काय.

तर ते झालं. हरिता येतेय. तिची काळजी सोड. हे पत्र तिच्यासाठी नाही.

इथे मी उठून दूध बघून आले. पुढचं लिहू की नको असं झालं होतं. लिहिते.

तुझा कॉम्प्युटरचा क्लास आठवतो? कीळवाशलला, टायरच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना. अण्णा तुला पाठवायला तयार नव्हता. वेळ संध्याकाळची, शिकवणारा पुरुष, बाकी सगळे मुलगे. मी म्हटलं, मी जाते सोबत, तेव्हा तुझा बाप तयार झाला. दोन वर्षं गेले. पहिल्या दिवशी वर आले होते, दाराशी टेकू म्हणून. मास्तर म्हणाला, एसी आहे, दार बंद ठेवावं लागतं, आणि बाहेरच्यांना आत बसवत नाही. मग खाली, टायरच्या दुकानाची पायरी. त्या रबराचा वास अजून नाकात आहे. पाऊस आला की टायरवाला बिचारा आत बोलवायचा. मी जात नसे, आतून तुझा जिना दिसत नव्हता. तू उतरलीस की मी विचारायचे, आज काय शिकवलं. तू म्हणायचीस, तुला नाही कळणार आत्या. वाईट मनाने नाही म्हणायचीस. भूक लागलेली असायची तुला.

उपकार म्हणून हे काढत नाही. माझ्या सोबतीला जाणारं कोणी नव्हतं, पुढची शाळा लांब होती, म्हणून पाचवीनंतर मला घरी बसवलं. झालं ते झालं, आता त्याचं रडगाणं कोण गातंय. पण म्हणूनच मी तुझ्यासाठी पायरीवर बसले, आणि ह्या पोरींसाठी स्टुलावर बसते. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, हे खरं सांगते.

पण माझ्या घरातलं दार उघडं असतं, कीर्तना. तिथे मी आतल्या बाजूला बसते.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. हरिता ते मिस्ड कॉलचं पोरांना समजावत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हे सगळे मिस्ड कॉल जातात कुठे, राहतात कुठे? सगळा हॉल हसला. मीही हसले आणि पानांत डोकं घातलं. तर कार्तिक उठला, माझ्या स्टुलाजवळ येऊन जमिनीवर बसला आणि सांगायला लागला. दुसऱ्या कोणाच्या यंत्रात राहतात, ते यंत्र मुंबईत आहे, त्याला भाडं द्यावं लागतं. मी म्हटलं, भाडं थकलं तर? तेही सांगितलं. मी विचारत गेले, तो सांगत गेला. एके ठिकाणी म्हणाला, थांबा मामी, हे मलाच नीट ठाऊक नाही, आणि दुसऱ्याला विचारून परत आला, परत जमिनीवर बसला. आत दूध उतू गेलं. जाऊ दिलं. आजवर माझ्या प्रश्नाला कोणी शेवटपर्यंत उत्तर दिलं नव्हतं. तुला नाही कळणार, इथवर यायचं आणि थांबायचं.

सगळं कळतं असं म्हणत नाही. बहुतेक नाहीच कळत. एखाद्या शनिवारी एखादी गोष्ट कळते, मग ती मी महिनाभर डोक्यात फिरवते, मेतकुटाची डाळ भाजताना, दिव्याची वात वळताना. एकटीच्या घरात डोक्यात फिरवायला काहीतरी लागतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पोरींच्या सोबतीला बसते, असंच सगळ्यांना वाटतं, आणि मीही वाटू देते.

तू विचारलंस, तिथे दिवसभर बसून काय करणार. हे करणार.

लॉबीतला सोफा मला नको. मऊ असेल. टीव्ही असेल. पायरीच ती. तुम्ही सगळी दार लावून आत, आणि मी बाहेर हरिताची वाट बघत, आणि ती आली की विचारणार, काय काय झालं? तिने ते बोलणं माझ्यापुढे इतक्यांदा म्हणून दाखवलंय, आणि ती लोकांपुढे उभी राहील तेव्हा मी टीव्ही बघू?

खुर्ची कमी पडत असेल तर माझं स्टूल घेऊन येते. रिक्षात मावतं. जेवणही नको, दहीभात बांधून आणीन.

नावं तू घेतेस आणि गुरुवारी बंद करतेस असं कार्तिक म्हणाला. तर माझं नाव घाल. हरिताच्या सोबतीची म्हणून नाही, वेगळं घाल. नावापुढे विचारतात म्हणे, काम करता की शिकता. कार्तिक म्हणाला, मामी, काय टाकू? मी म्हटलं, तू थांब, ते कीर्तनाने लिहायचं. भामा, वय बावन्न, शिकते. असं लिही. लिहिताना हसू आलं तर हस, पण लिही.

आणि जमत नसेल तर तसं सांग. मी सोफ्यावर बसेन, हरिताला नेईन, आणीन, रघोजीला दिलेला शब्द मोडणार नाही. पण "आत्या, तू बाहेर बस" हे तू मला स्वतः सांगायचंस. ग्रुपवर नाही, आणि कार्तिकच्या तोंडून तर मुळीच नाही.

अण्णाला सांग, मेतकूट त्याच्यासाठी आहे, रोज खायचं, नुसतं बघायचं नाही. तुझ्यासाठी काय धाडायचं ते गुरुवारनंतर बघू.

पत्र बुधवारी सकाळी तुझ्या हातात पडेल. गुरुवारी संध्याकाळी दिवा लावायच्या आत मला उत्तर पाहिजे. अंगठा नको. हो की नाही, ते मेसेजमध्ये का होईना पण अक्षरात, आणि तुझ्या हाताने.

तुझ्या जिन्याखाली बसलेली,
भामा आत्या