बर्फावर सोडलेला दिवा

४ जानेवारी
ऋता, गॅसवर दूध ठेवून तू दशाश्वमेधला भाजी आणायला जातेस, आणि घरभर धूर झाला की मलाच, सासूला, विचारतेस, "आई, मी काही ठेवलं होतं का?" तुला सगळं एकदम सांगून काय उपयोग? रोज थोडं सांगते. मला अक्षर येत नाही, पण तुझ्या लेकीचा, ईशानीचा, फोन बोललेलं लिहून काढतो. शाळेत न जाता शहाणा झालेला, माझ्यासारखा.

सुखरूप पोचलो. लोक मरायला काशीला येतात, मी चार दिवस जगायला काशी सोडून या डोंगरात आले. धरणाचं गोठलेलं पाणी घासून उपड्या ठेवलेल्या परातीसारखं चकचकतंय. त्यावर ईशानी पोरांना घसरायला शिकवते, वर पगार घेते! मलाही खुर्चीला खालून लोखंडी पट्ट्या लावून फिरवलं. मी किंचाळले. पोरं म्हणाली, दादी, एक राउंड और. मग काय, घेतला.

६ जानेवारी
वारा जिथे भुसभुशीत बर्फ झाडून नेतो, तिथे खाली काच. काचेखाली काळं पाणी आणि त्याच्या तळाशी गाव आहे म्हणे. धरण भरलं तेव्हा काही म्हातारी माणसं घरातून उठलीच नाहीत, ईशानी सांगत होती. त्यांना अग्नी नाही, पिंड नाही. मग काशीची बाई इथे येऊन नुसती खुर्चीत घसरणार का? संध्याकाळी द्रोणात झेंडू आणि तुपाची वात घालून काठाजवळ बर्फावर दिवा सोडला. घाटावर म्हणते तेच म्हटलं, ज्यांचं कुणी नाही त्यांनी यावं, उजेड घ्यावा.

ईशानी हसली. म्हणाली, आजी, ये बहेगा कैसे? म्हटलं, तुझ्या बापासारखा बसून राहील, जिथे ठेवला तिथे.

७ जानेवारी
चमचाभर तूप. रात्रभर वारा. सकाळी दिवा जळतोच आहे.

वाकून पाहिलं. द्रोणाभोवती, बर्फाच्या आतून, तळवे टेकवलेले. बायकांचे, पुरुषांचे. मिठाईच्या काचेला पोरं हात लावतात तसे दाबून पांढरे पडलेले.

ईशानीला दाखवले. म्हणाली, हवेचे बुडबुडे गोठतात, हर साल होता है.

बुडबुड्यांना नखं असतात, ऋता?

८ जानेवारी
माझं काय चुकलं ते कळलं. आपल्याकडे दिवा सोडला की गंगा पुढे नेते, आणि आलेले त्याच्या मागोमाग जातात. इथे पाणी बंद. मी बोलावलं, आणि त्यांना जायला वाटच ठेवली नाही.

दिवा शांत केला. तळवे सुटले, सरकले. वाटलं, गेले.

संध्याकाळी ईशानी कपाळाला बॅटरी बांधून बर्फावर निघाली. तिच्या पावलांखाली ते — सगळे. ती वळली की वळत. थांबली की थांबत.

मी ओरडले. तिला वाटलं, आजीला मजा येतेय. तिनं हात हलवला.

९ जानेवारी
पाया पडले तिच्या. नातीच्या. म्हटलं, आज जाऊ नकोस. तिला रडू आलं. मला कुशीत घेऊन म्हणाली, उद्याच बनारसची गाडी बघते. कडेला लावलेले झेंडे तेवढे काढून आणते.

उजेड नेऊ नको म्हटलं. धुकं होतं. नेला.

बर्फ फुटल्याचा आवाज नाही. काहीच नाही. उजेड नुसता खाली — बर्फाच्या खाली — आणि मग गावाकडे, हळूहळू, कुणी हात धरून नेल्यासारखा —

१० जानेवारी
माणसं शोधतायत. म्हणतात, बर्फाला कुठे तडा नाही.

मी उजेड बघितला. कुणी ऐकत नाही.

१० जानेवारी, संध्याकाळ
आली. ऋता, तुझी लेक आली.

दारात उभी आहे. केसांतून पाणी. बॅटरी चालूच. पोहे पुढे केले. एक घास घेतला, थुंकला. म्हणते, आजी, नमक लग रहा है. हात धरला तर —

म्हणते, आईला बोलाव.

तू येऊ नकोस. पोटची पोर आहे, तरी येऊ नकोस. कुणाच्या हाती भात पाठव. बिनमिठाचा. वर काळे तीळ. पिंडाला करतो तसाच. पुष्कळ कर, पातेलंभर नाही पुरणार — ती एकटी नाही आली, मागे जिन्यावर सगळे —