बेडकाच्या पोटातली वाट

छत्रपती संभाजीनगर
१७ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबा,

पाया पडते. वेरूळकडं पाऊस बरा झाला म्हणतात, म्हणजे मेंढरांना चारा असेल. माझं कॉलेजात शिकवणं चालू आहे. फोनवर तुम्हाला ऐकू कमी येतं आणि मला बोलवत नाही, म्हणून लिहिते.

आई पोटदुखीसाठी माझ्याकडं आली, ती राहिलीच. मी तुम्हाला पित्त झालंय असं सांगत राहिले. ते पित्त नव्हतं, आबा.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण ती ऐकेना. पोटातलं कापल्यावर माणूस जेवतो कसा, एवढंच विचारायची. म्हणून तिला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. आता आम्ही बेडूक कापत नाही, प्लास्टिकचा असतो. त्याचं पोट उघडून दाखवलं.

बेडूक घास चावत नाही, असं तिला सांगितलं. जिभेनं किडा ओढून अख्खा गिळतो; गिळताना डोळे आत दबतात आणि घास खाली रेटतात. आई हसली. लहानपणी औषध घेताना मीही डोळे असेच घट्ट मिटायचे म्हणे. मग आखूड अन्ननलिका, पिशवीसारखं जठर. तिथं किडा रसात विरघळतो. पुढं यकृताचं पित्त अन् स्वादुपिंडाचा रस मिसळतो, लहान आतडं अन्नाचं सत्त्व रक्ताला देतं, उरलेलं बाहेर. त्या वाटेवरून ती बोट फिरवत राहिली.

"माझं कुठं बिघडलंय?"

मी जठराच्या खालच्या टोकाला बोट लावलं. तिथं गाठ आहे, तेवढा तुकडा काढून उरलेलं जठर आतड्याला जोडतात, असं सांगितलं.

"कॅन्सर हाय ना?"

मी व्हय म्हटलं. तिनं बोट पुन्हा त्याच जागी टेकवलं.

"मग जोडू दे. पर तुझ्या आबाला सांगू नको. मेंढरं सोडून येईल."

मी तिचं ऐकलं. गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ निघाली. वेळेत निघाली, असं डॉक्टर म्हणतात. केमो मात्र घ्यावी लागेल. आता थोडं थोडं, पण सारखं खायचं. काल मुगाचं पाणी पोटात ठरलं. वाटी खाली ठेवत म्हणाली, "तुझा आबा जेवला असंल का?"

तेव्हाच ठरवलं, तुम्हाला कळवायचं. मेंढरं हनुमानदादाकडं सोपवा आणि निघा. स्टँडवर मी येते.

तुमची
सुकेशनी

ता. क. कुणाला लिहितेस, असं आईनं विचारलं. मी सांगितलं. रागावली नाही, पेन मागितला. खालचं अक्षर तिचं आहे.

या.
म्हाळसा