डाव्या कानावरची तीन बोटं

४ जानेवारी

सापडलं! डाव्या कानाच्या वर, वरच्या केसांखाली झाकलेली, बरोबर तीन बोटं रुंद जागा. तिथले केस पार तुटलेले, झिजल्या टूथब्रशसारखे उभे. लेकीची वेणी घालताना हाताला टोचलं म्हणून कळलं. नाहीतर बाईसाहेब कसल्या सांगतायत!

"हे काय गं?"

"तुटतात."

"आपोआप?"

"हं."

एकोणीस वर्षं मी सूतगिरणीच्या लॅबमध्ये धागा तपासते. किती ओढल्यावर तुटतो, का तुटतो, कुठल्या मशीनवर तुटतो — माझ्या सहीशिवाय तिथून माल हलत नाही. आणि माझ्याच घरात हे! एप्रिलमध्ये तिची प्रवेश परीक्षा. तोवर हे केस जागेवर आणले नाहीत तर नाव बदलेन.

५ जानेवारी

तिच्या टेबलासमोर भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक आहेच. चार रंगांत, मीच आखलेलं. त्याच्या शेजारी आज केसांचा तक्ता चिकटवला. ओले केस विंचरायचे नाहीत. टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत. मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून सुरुवात करून वर वर जायचं. घट्ट रबरबँड बंद. दर रविवारी फूटपट्टीने मोजणी.

नवरा तक्ता वाचून म्हणाला, "केसांचीही चाचणी परीक्षा का?"

ह्याला प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो. म्हणून तर सगळं माझ्या डोक्यावर!

११ जानेवारी

नणंदबाई आल्या. त्यांचं पार्लर आहे. तीन केस चिमटीत धरले, उजेडाकडे केले आणि डॉक्टरांसारखा चेहरा करून म्हणाल्या, "वहिनी, आतून पोकळ झालेत."

आतून! ह्या आत जाऊन आल्या वाटतं!

मग पिशवीतून सात बाटल्या निघाल्या. एक केस धुवायची, एक धुतल्यावर लावायची, एक ते लावलेलं टिकवायची. उरलेल्या चार कशाच्या ते त्यांनाही आठवेना. "दुरुस्ती होते हो, अगदी पहिल्यासारखे!" म्हणाल्या. तुटलेला धागा जोडला की गाठ राहते, हे मी ह्यांना काय शिकवणार? तुटलेला केस तर जोडलाही जात नाही, नवा यायची वाट बघायची. बाटल्या मात्र ठेवून घेतल्या. सातही.

१९ जानेवारी

अंडं लावलं. गरम पाण्याने धुतलं. अंडं डोक्यावरच शिजलं. ह्या विषयावर आणखी काही लिहिणार नाही.

२ फेब्रुवारी

मोजणी केली. वाढ शून्य. उलट जागा साडेतीन बोटं झाल्यासारखी वाटते. पण बोटं माझी आहेत, जाड झाली असतील.

विचार केला — उजवी बाजू ठणठणीत, डावीच का? ती डाव्या कुशीवर झोपते! घासून तुटतात! लगेच पलंग फिरवला. माझा जुना सॅटिनचा गाऊन फाडून उशीला गुळगुळीत अभ्रा शिवला. नवऱ्याने पलंग ढकलला, कंबर धरून बसला. लेक म्हणाली, "आई, असू दे ना." असू दे म्हणून कसं चालेल? असू दे, असू दे म्हणतच तर माणसं मागे राहतात.

सराव परीक्षेत हिला एकाहत्तर. मैत्रिणीला चौऱ्यांशी. मी काही म्हणजे काही बोलले नाही. एवढंच विचारलं की मधले तेरा कुठं सांडले. ते विचारायलाही बंदी आहे का?

८ फेब्रुवारी

लव आली नाही. पाणी जड आहे, असं आता वाटतंय. प्यायच्या पाण्याने केस धुवायला सांगितलं. नवरा म्हणाला, "मग आपण प्यायचं काय?"

१६ फेब्रुवारी

दुसऱ्या गिरणीत चार दिवस प्रशिक्षण द्यायला गेले होते, आज परतले. आल्या आल्या आधी कान बघितला. बारीक, काळी, मऊ लव! नवा केस एकही तुटलेला नाही! सॅटिनचा अभ्रा!! नणंदबाईंना फोन करून सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या तिसऱ्या बाटलीचा गुण." असू दे, कुणाला काय समजायचं ते समजू दे.

जिन्यातच बापलेकीचं खिदळणं ऐकू आलं होतं. पत्ते चालले असणार. मी दारात बूट काढले, टाचदुखीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या टणक चपला घातल्या आणि तिच्या खोलीपर्यंत गेले, तोवर समोर पुस्तक उघडलेलं. नवरा म्हणाला, "तुझी फटक-फटक ऐकली की घर सावरून बसतं."

बसायलाच हवं. कुणीतरी लागतंच ना घराला वळण लावायला!

१ मार्च

लव गेली! पुन्हा खुंट! अभ्रा तोच, बाटल्या त्याच, पाणी तेच. मला रडू आलं. खोटं कशाला लिहू, बाथरूमचा नळ सोडून रडले. एवढंसं डोकं तिचं. लहानपणी माझ्या तळहातात मावायचं.

मग डोळे पुसले आणि तिच्या टेबलाखाली झाडताना सापडलेले केस कागदाच्या पुडीत घेतले. उद्या लॅब.

२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मशीनवर लावले. एका तपासणीवर रिपोर्ट लिहायचा नाही, तीन हव्यात — हा नियम माझाच. तीन केस, तिन्ही वेळा तुटायला वेळ लागला. शेजारी माझा केस लावला. माझा आधी तुटला!

पोकळ म्हणे! नणंदबाईंना सांगायला हवं.

मग लॅबमधल्या भिंगवाल्या काकांकडे गेले. तुटलेली टोकं बघण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही. कुणाचे केस ते सांगितलं नव्हतं. बराच वेळ बघून म्हणाले, "ताई, माल एक नंबर. झिजून तुटला असता तर टोक पिंजलं असतं. हे साफ आहे. आणि हा वळसा बघा. बोटाला गुंडाळून हिसडा दिलाय कुणीतरी."

कुणीतरी!

कोण ते लगेच ओळखलं. क्लासमध्ये मागच्या बाकावर बसणारी कुणीतरी. मत्सर, दुसरं काय! उद्या बघतेच.

३ मार्च

अर्धी रजा टाकून क्लासच्या सरांसमोर उभी राहिले. भिंगातून काढलेला फोटोच ठेवला टेबलावर. म्हटलं, "हिच्या मागे कोण बसतं ते मला आत्ताच्या आत्ता सांगा!"

सरांनी फोटो उलटा-सुलटा करून बघितला. म्हणाले, "ती शेवटच्या बाकावर बसते, मॅडम. मागे भिंत आहे."

घरी आल्यावर लेक एवढंच म्हणाली, "तू क्लासला आली होतीस?" आणि खोलीत गेली.

५ मार्च

चहा पिताना नवऱ्याने विचारलं, "ते केस सापडले कुठं होते?"

"तिच्या टेबलाखाली."

त्याने कप खाली ठेवला. विनोद केला नाही. मग हळूच म्हणाला, "उजव्या हाताने लिहिते ना ती?"

मी उठून भांडी घासायला लागले. घासलेलीच होती.

७ मार्च

रात्री ही वही चाळताना दिसलं, लव आली ती मी चार दिवस घरात नव्हते तेव्हाच. आज गॅलरीत अनवाणी उभी राहिले. तिथल्या खिडकीतून ती दिसते, तिला मी दिसत नाही. ती लिहीत होती. डावा हात वहीवर. ठरल्याप्रमाणे नवरा त्याच्या चपला घालून पॅसेजमधून चालत गेला. हात वहीवरच. मग माझ्या चपला घालून गेला. हात वर गेला, कानाशी. बट बोटाला गुंडाळली, हिसडा.

पुन्हा त्याच्या. पुन्हा माझ्या.

तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच.

चपला कचऱ्यात टाकल्या. आता तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?