मागे अडकलेली सीट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, वय वर्षे सदुसष्ट, धंदा गाड्यांचे पोचे काढणे व रंगकाम, लिहून ठेवते की हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, हात स्थिर आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. नेहमीच्या डॉक्टरांचा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा, असे दोन दाखले सोबत जोडले आहेत. एकाने भागले असते, असे वकीलबाई म्हणाल्या. त्या माझ्या चिरंजीवांना ओळखत नाहीत.

१. मला एकच मुलगा. तो विमा कंपनीत आहे. लोकांच्या गाड्या ठोकल्या गेल्या की जाऊन पाहायचे आणि चूक कोणाची ते ठरवायचे, ही त्याची नोकरी. त्याची बायको म्हणजे माझी सून, आणि त्यांची मुलगी म्हणजे माझी एकुलती एक नात. एवढेच माझे वारस.

२. वर्कशॉप, कॉम्प्रेसर, रंगाची खोली आणि बाहेरची पाटी उस्तादांना द्यावी. माझे यजमान गेले तेव्हा बाईच्या हाताखाली काम करायला बाकी सगळे कारागीर लाजले. उस्ताद तेवढे दुसऱ्या दिवशी वेळेवर आले आणि 'वहिनी, आज कुठली गाडी घ्यायची?' असे विचारून कामाला लागले. अट एकच. चिरंजीवांची गाडी गेटाच्या आत घ्यायची नाही, रोख पैसे पुढे केले तरीही. 'काका, आपलंच वर्कशॉप आहे' असे ते म्हणाले, तर उस्तादांनी हे कलम त्यांना रस्त्यावर उभे करून मोठ्याने वाचून दाखवावे.

३. आता त्या गाडीविषयी. ती चिरंजीवांच्या नावावर आहे, माझ्या मालमत्तेत येत नाही. पण तिच्यावर कंपनीचा रंग आता फक्त छताला उरला आहे, बाकी सगळा माझ्या हातचा आहे, म्हणून लिहिते.

चिरंजीव गाडी चालवताना फोन बघतात. त्यांनी इमारतीचे गेट ठोकले, दूधवाल्याची स्कूटर ठोकली, स्वतःच्याच ऑफिसचा खांब ठोकला. दर वेळी गाडी माझ्या दारात यायची. मी पोचा काढायचा, खड्ड्यात लांबीची पुट्टी भरायची, घासायचे, रंग जुळवायचा. पत्र्यावरून हात फिरवला तरी कुठे लागले होते ते कळू नये, असे काम करून गाडी परत द्यायची. 'आई, तुझ्या हाताला तोड नाही' असे म्हणून चिरंजीव निघून जायचे, ते पुढच्या ठोकरीपर्यंत.

मागच्या वर्षी एका सकाळी ते मला डोळे तपासायला घेऊन गेले. परत येताना त्यांच्या इमारतीच्या कोपऱ्यावर फोन वाजला. त्यांनी खाली पाहिले आणि गाडी किल्लीवाल्याच्या टपरीत घुसली, तिथून चालकाच्या बाजूने विजेच्या खांबावर आदळली. किल्लीवाला पत्र्याखाली सापडला आणि त्याचे उजवे मनगट मोडले. चालकाचे दार आत दबले होते, ते उघडेना. तेव्हा चिरंजीवांनी माझ्या मांडीवर पाय दिला आणि माझ्या दारातून आधी स्वतः बाहेर उडी मारली. मी मागून सरपटत निघाले. माणसे जमली तेव्हा ते रस्त्यावर उभे होते आणि मी गाडीतून बाहेर पडत होते. त्यांना एवढे पुरले.

"आई चालवत होती," ते म्हणाले. "मी नको नको म्हणत होतो."

सून आणि नात धावत खाली आल्या होत्या. नातीने बापाचा हात घट्ट धरला होता. त्या पोरीसमोर तिच्या बापाला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटेना. वाटले, नोकरी जाईल म्हणून घाबरला असेल, संध्याकाळपर्यंत घरात तरी खरे सांगेल. संध्याकाळी त्याने गाडी ओढून माझ्या दारात आणली आणि सुनेदेखत म्हणाला, "तूच ठोकलीस ना? मग आता तूच नीट कर."

मी केली. उत्तम केली. मग किल्लीवाल्याच्या घरी गेले. तो बायकोसमोर म्हणाला, "मावशी, दिसत नाही तर स्टिअरिंगला हात कशाला लावता?" मी मान खाली घालून ऐकून घेतले. जे केले नाही त्याची माफी मागताना कसे वाटते, ते चिरंजीवांना एक दिवस कळावे अशी माझी फार इच्छा आहे.

नातीला रोज शाळेतून मी माझ्या व्हॅनमधून आणत असे. ते बंद झाले. मग तिचे वर्कशॉपमध्ये येणे बंद झाले. शेवटी भेटली ती त्यांच्या जिन्यात. मी हात पुढे केला, तर ती भिंतीला चिकटून म्हणाली, "आजी, तू मला पण ठोकशील का गं?" असले वाक्य लेकराला आपणहून सुचत नाही. या एका वाक्याबद्दल मी चिरंजीवांना क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही.

४. वर्कशॉपच्या माडीवरच्या दोन खोल्या नातीला. ती सज्ञान होईपर्यंत सुनेने सांभाळाव्यात. सुनेवर माझा राग आहे, पण अर्धा. तिने मला एकदा बाजूला घेऊन विचारायला हवे होते. चिरंजीवांनी तिथे राहावे की नाही ते मायलेकींनी ठरवावे.

५. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणासाठी. त्यातून तिला गाडीही शिकवावी. शिकवणारा कोणीही चालेल, तिचा बाप सोडून.

६. व्याहीणबाईंनी भरल्या ताटावर मला ऐकवले होते, "वय झालं की माणसानं आपणहून किल्ल्या ठेवून द्याव्यात." त्यांना माझ्या डोळ्यांच्या दाखल्याची प्रत फ्रेम करून द्यावी. अक्षरे मोठी करून घ्यावीत, म्हणजे त्यांना चष्मा शोधावा लागणार नाही.

७. माझा लहान हातोडा नातीला. बाकी हत्यारे उस्तादांकडे राहतील.

८. सीट. ती गाडी दुरुस्त करताना चालकाची सीट मला बदलावी लागली. दार आत दबले तेव्हा सीटखालचे रूळ वाकले आणि सीट जिथे होती तिथेच अडकून बसली. ती अडकली ती पार मागे, उंच माणसाच्या पायांना जागा लागते तिथे. मी बुटकी आहे. गाडी चालवताना सीट स्टिअरिंगला टेकेपर्यंत पुढे ओढते, आणि त्यावरून चिरंजीवांनी आयुष्यभर माझी टिंगल केली आहे. जगाच्या अपघातांचा निवाडा करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या सीटखाली वाकून पाहायचे सुचले नाही.

ती सीट मी वाकलेल्या रुळांसकट कापून काढली आणि लोखंडी चौकटीवर वेल्ड केली. पुढे पेडल जोडले, अंतर गाडीत होते तेच ठेवले. ती रंगाच्या खोलीत ताडपत्रीखाली आहे.

मी गेल्यावर वकीलबाईंनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलवावे. व्याही, व्याहीणबाई, किल्लीवाला, सगळ्यांना. उस्तादांनी ताडपत्री काढावी. आधी सुनेने सीटवर बसावे. ती माझ्याच उंचीची आहे. तिचे पाय पेडलला पोचणार नाहीत. तिने सीट पुढे ओढून पाहावी. मग चिरंजीवांनी बसावे. त्या वेळी कोणी काही बोलू नये. नात सर्वांत पुढे उभी असावी, तोवर ती कितीही मोठी झालेली असो. नंतर ती सीट चिरंजीवांनी घरी न्यावी. माझ्या इस्टेटीतून त्यांना मिळेल ते एवढेच.

९. चिरंजीवांनी माझ्या हयातीत, माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने नातीला खरे सांगितले, तर कलम आठ रद्द समजावे. बाकीची कलमे आहेत तशीच राहतील. मला घाई नाही. माझे हृदय ठणठणीत आहे आणि माझी आई नव्वदी ओलांडून गेली. तोवर अवेळी फोन वाजला की चिरंजीवांनी दचकून उठावे. आई गेली की काय, या काळजीने ते दचकतील असा माझा भ्रम नाही. ताडपत्री निघणार म्हणून दचकतील, आणि मला तेवढे चालेल.

१०. या कागदाची एक नक्कल उस्ताद आज संध्याकाळी चिरंजीवांच्या घरी नेतील आणि सगळे जमलेले असताना, बंद पाकिटात, फक्त त्यांच्या हातात देतील. 'वहिनींनी आत्ताच वाचायला सांगितलंय,' याहून एक शब्द जास्त बोलणार नाहीत.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

साक्षीदार पहिला: किल्लीवाला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून त्याची नवी टपरी मी आधीच बांधून दिली आहे. त्याने सगळा कागद वाचला. मग म्हणाला, "मावशी, वर्षभर माझे टोमणे ऐकलेत. एकदा तरी तोंड उघडायचंत." सही त्याने डाव्या हाताने केली आहे, ती ग्राह्य धरावी.

साक्षीदार दुसरी: वकीलबाईंच्या ऑफिसातली टायपिस्ट.

स्थळ: वर्कशॉपमधील रंगाची खोली.

दिनांक: नऊ फेब्रुवारी. आज नातीचा आठवा वाढदिवस. मला बोलावणे नाही.