‘आहे’ म्हणायची नोकरी

प्रिय टाचणीस,

पत्र बघून घाबरू नकोस, मी मेलेली नाही. मेले असते तर तुझ्या बापाने फोन केला असता. फोनवर मलाही बोलता आलं असतं, पण फोनवर मी काय बोलते ते रविवारी झालंच. तू एक प्रश्न विचारलास, मी एका शब्दात उत्तर दिलं आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं. ते उत्तर घेऊन तू गुरुवारी तुझ्या साहेबलोकांसमोर उभी राहणार आहेस, म्हणून लिहायला बसले. शुद्धलेखन काढत बसू नकोस. शाळा दुसरीत सुटली ती सुटलीच, पुढची अक्षरं मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता शिकले.

तुझं म्हणणं मला समजलं तसं लिहिते. तुमची कंपनी लोकांच्या फोनमध्ये गाणी पोचवते. गाणी तुमची नाहीत, रेकॉर्ड कंपनीची. दरवर्षी तिच्या दारात जायचं आणि वाढवलेलं भाडं ऐकून परत यायचं. म्हणून आता भाडेकरूनेच घरमालकाला विकत घ्यायचं काढलंय. तुझा एक साहेब म्हणतो घ्या. दुसरा म्हणतो यंत्रवाल्यांनी यंत्रं करावीत, गाण्यातलं आपल्याला काय कळतं. आणि दोघांच्या मध्ये तू, टिपण धरून. तुझा कौल ‘घ्या’ असा आहे हे तू सांगायच्या आधीच मला कळलं होतं. लहानपणी दुकानात काही हवं असलं की तू अशीच, त्या वस्तूचा सगळ्या घराला कसा फायदा आहे ते सांगायचीस.

पण तू कारण दिलंस ते गाजलेल्या गाण्यांचं नाही. ती काय, कुठेही मिळतात. तू म्हणालीस, आजी, गोदामात खाली पडून असलेली, कधी बाहेरच न आलेली गाणी यादीत आहेत, ती लोकांना ऐकायला मिळतील. टिपणाचा सगळा भार तू त्या यादीवर टाकलायस. आणि यादी खरी याला साक्षीदार कोण, तर त्याच गोदामात अठ्ठावीस वर्षं काढलेली तुझी आजी. तुझ्या वरच्या बाईंनाही तू अभिमानाने हे सांगितलंस म्हणे.

गोदाम कसं होतं ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. सांगायची ती बढाई सांगितली, अमका गायक माझ्याशी बोलला, तमक्याने चहा पाजला. तळघरात एक लांब खोली, खिडकी नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, त्यांच्यावर पुठ्ठ्याचे चपटे डबे, डब्यात फितीचं रीळ. वर्षातून एकदा मोजणी. भांडारबाबू खुर्चीत बसून वहीतला आकडा वाचायचे. मी डबा उचलायचा, हातावर तोलायचा, वजन लागलं की ‘आहे’ म्हणायचं. ते खूण करायचे. पुढचा आकडा. डबा उघडायची पद्धत नव्हती. ऐकायचं यंत्र वर दोन जिने चढून, आणि बाबूंचे गुडघे त्यांच्या तोंडाइतके चालत नव्हते. तुमच्या संगणकातली यादी त्याच वहीवरून उतरवलेली आहे, पोरी. त्यातली प्रत्येक खूण म्हणजे मी एकदा ‘आहे’ म्हटलेलं.

आता दुसरं काम. नवी फीत महाग आणि वेळेवर यायची नाही. मग जुनी पुसून परत वापरायची. गोदामाच्या कोपऱ्यात एक लोखंडी पेटी होती, आत चुंबक. तिला आम्ही पुसणी म्हणायचो. चालू केली की घुं करायची. रीळ वर ठेवायचं, सावकाश गोल फिरवायचं आणि तसंच सावकाश वर उचलायचं, की फीत कोरी. हातातलं घड्याळ आधी काढून ठेवायचं, नाहीतर तेही बंद पडतं. कुठलं रीळ पुसायचं त्याची पांढरी चिठ्ठी वरून येणार, चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही, असा नियम.

नियम पहिली दोन वर्षं चालला. मग एक दिवस वरून निरोप आला, दुपारपर्यंत वीस रिळं हवीत, चिठ्ठ्या मागाहून पाठवतो. चिठ्ठ्या आल्या नाहीत. मी खालच्या फळीवरची काढली. ज्या डब्यावरची धूळ मोडलेली नाही तो कुणी मागत नाही, एवढी माझी अक्कल. कुणी विचारलं नाही. पुढच्या वेळी निरोपात चिठ्ठीचं नावही नव्हतं. असं करत करत काय राहील आणि काय जाईल ते दुसरी नापास बाई ठरवायला लागली. वाईट वाटायचं असं लिहीन तर खोटं होईल. मला मजा यायची. वर चपला काढून उभं राहायला लावणारी मंडळी खाली माझ्या मुठीत होती.

पुसलेली सगळी रिळं वर लागायची नाहीत. उरलेली मी त्यांच्याच डब्यात परत घालायची, कारण मोजणीला फळी भरलेली दिसली पाहिजे. वर गेली त्यांच्या जागी रद्दीतली फुटकी रिळं. गाणं पुसलं म्हणून फीत हलकी होत नाही. डबा उचलला, वजन लागलं, आहे. तुमच्या माणसांनी नमुन्याला डबे उघडून पाहिले म्हणालीस, ते हाताला येणारे असणार, वरच्या फळ्यांवरचे. ते ठीक आहेत. खाली कोण वाकतो? किती पुसली विचारू नकोस. मला माहीत नाही, आणि ही लाजेतली सगळ्यात मोठी लाज नाही.

त्या गाणाऱ्या उंच बाईबद्दल तू टिपणात लिहिलंयस. अकरा गाणी गाऊन गेली, कंपनीने काढली नाहीत, यादीत चार रिळं तिच्या नावावर. ती गायली त्या दिवशी मी वर रेकॉर्डिंगच्या खोलीत होते, डबे घेऊन. डब्यावर तिचं नाव लिहीत होते, आणि मला तेव्हा एक अक्षर लिहायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात तिचा चहा पिऊन झाला. ती वाजवणाऱ्यांकडे वळून म्हणाली, माझं नाव हिच्या हाती सोपवताय होय, त्यापेक्षा अंगठाच घ्या की बाईचा. सगळे हसले. ती थट्टाच होती, आज कळतं. तिनेच नंतर मला बिस्किटांचा पुडा पाठवला होता. मी तो तिच्या देखत झाडूवालीला दिला.

तिची फीत पुसा असं कुणीही सांगितलं नव्हतं. फिती कमीही पडल्या नव्हत्या. एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिची चारही रिळं पुसणीवर फिरवली. घाई इतकी की घड्याळ काढायचं राहिलं. तुला लहानपणी खेळायला दिलेलं ते बंद घड्याळ हेच. तू विचारायचीस, हे का चालत नाही, आणि मी म्हणायचे, पाणी गेलं.

पुढे बाईचा आवाज गेला. कसलंसं दुखणं, बोलली तरी घोगरं. मग ती गोदामात आली. विनवणी करायला नाही हं, ताठच होती. म्हणाली, माझ्याकडे माझं काही नाही, ती फीत आहे ना. मी म्हटलं, आहे, पण साहेबांच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. दुसऱ्यांदा अर्ज घेऊन आली. आहे, पण साहेब रजेवर. तिसऱ्यांदा काठी टेकत दोन जिने उतरून आली. मी ‘आहे’ म्हणत डबा काढून तिच्या हातात दिला, उघडू मात्र दिला नाही. तिने तो असा हातावर तोलला, माझ्यासारखाच, आणि म्हणाली, आहे म्हणजे झालं. जिना चढताना थांबून तिने माझे आभार मानले. परत आली नाही.

घ्यावी की नाही हे तू मला विचारलं नव्हतंस, तरी सांगते. घ्या नाहीतर घेऊ नका. विकणारा माझ्या ‘आहे’वर विकतोय आणि घेणारा माझ्या ‘आहे’वर घेतोय, मध्ये कुणी ऐकलंय का? घ्यायचीच असेल तर आधी एक माणूस खाली वाकायला लावा. प्रत्येक डबा उघडायचा, फीत शेवटपर्यंत ऐकायची, मग यादी. आणि तुझ्या साहेबांना विचार, घेतल्यावर जे कुणी मागत नाही त्याचं काय करणार. तुमच्याकडेही जागा कमी पडेलच कधीतरी, आणि कोपऱ्यात एखादी पुसणी असेलच. तिच्यावर कोण बसवलंय ते बघून ठेव. माझ्यासारखं कुणी नको.

आता हे पत्र का, ते. रविवारी तू सांगितलंस की त्या गाणाऱ्या बाईंच्या मुलीला तू शोधून काढलंस, आईची गाणी आहेत असं कळवलंस, आणि गुरुवारी बैठकीलाच बोलावलंस. मग हसत विचारलंस, आजी, नक्की आहेत ना? आणि मी म्हटलं, आहेत. तीनदा आईला म्हटलं ते चौथ्यांदा मुलीसाठी, तुझ्या तोंडून. माझी लाज माझ्यापुरती होती तोवर मी ती सांभाळली. तिच्यावर आता तुझं नाव लागतंय. तेव्हा हे पत्र टिपणाला जोड, माझं नाव झाकू नकोस, आणि कौल बदलावा लागला तर माझ्यामुळे बदलला असं सगळ्यांदेखत सांग. मुलीला मात्र बैठकीत बसवू नकोस. त्याआधी तिला माझ्याकडे घेऊन ये. मी तिला ‘नाही’ म्हणणार आहे. डब्यांच्या बाबतीत तो शब्द मी कधी वापरलेला नाही, बघू जमतो का. ती काय बोलेल ते मी ऐकून घेईन, तू मध्ये पडू नकोस. आणि आणखी एक तिला सांगायचं आहे, ते तुलाही आजच सांगते. पुसायच्या आधी मी पहिलं रीळ वर नेऊन यंत्रावर लावलं होतं. वाईट निघालं असतं तर बरं, म्हणून. सुट्टी संपत येईपर्यंत ऐकलं. चांगलं होतं, टाचणे. मी त्या जागी इतकं चांगलं दुसरं काही ऐकलं नाही. मग खाली आले आणि पुसलं.

तुझीच, खालच्या फळीवरची
आजी

सही माझ्या हाताची आहे, अंगठा नाही.