दोरीनं झिजलेली नळी

४ जानेवारी १९७९
सुनंदा म्हणते, सात नंबर रायफल बिघडली. वडनेरची पोरगी, इथं कॉलेजात शिकते. क्लबात तिच्यासारखा नेम कोणाचाच नाई. दिवाळीपर्यंत पाचही गोळ्या रुपयाखाली झाकायची, आता कपाच्या तोंडाएवढ्या पसरतात. "काका, नळीतच काई असन." म्हटलं, बाई, पलटणीतही हत्यारंच सांभाळली, अन् इथं अकरा वर्षं ही नळी रोज दोनदा साफ करतो. राग आला.

७ जाने.
गळा पाहिला, म्हणजे गोळी नळीत शिरते ती जागा. काजळी होती, काढली. झीज आहे, पण बेतात. लाकडी दस्त्याचे स्क्रू ढिले करून पुन्हा सारखे कसले. गोळ्या दुसऱ्या डब्यातल्या दिल्या. तेच. दोन खाली डावीकडे, एक कुठंच नाई. पोरीचे डोळे भरले.

९ जाने.
अध्यक्ष सायबानं विचारलं, "हवालदार, खोट कशात? रायफलीत का पोरीत?" नागपूरच्या निवडीले चार नावं जातेत. तिथं चमकली तर पोलिसात घेतील, ह्याच आशेवर ती आहे.
म्हणालो, "पोरीत. हात हालते."
नाव कटलं. संध्याकाळच्या यष्टीनं गावाले गेली. माझ्या पाया पडून गेली.

१४ जाने. संक्रांत
बायकोनं तीळगूळ हातावर ठेवला. करमत नाई. दुपारी क्लबात गेलो, कोणी नव्हतं. सात नंबर वाळूच्या थैलीवर टेकवली अन् पाच स्वतः मारल्या. कपाएवढ्याच पसरल्या. थैलीचा तर हात हालत नाई.
हे पहिल्याच दिवशी करायचं होतं. काऊन नाई केलं? माझ्या रायफलीत खोट निघनच कशी, म्हणून.

१५ जाने.
नळीच्या तोंडाले भिंग लावलं. आतल्या कडेले खाच, एकाच बाजूले. नखाले लागते. नळीतून ओढून साफ करायची दोरी अकरा वर्षं त्याच स्टुलावर बसून मी तिरपी ओढत आलो, माझ्याकडे. तेलकट दोरी, वरून मैदानातली धूळ. कानसच झाली. बाहेर पडता पडता गोळी तिथंच ढळते.
अन् पोरांले मीच सांगायचो, दोरी सरळ ओढजा.
जेवलो नाई.

१७ जाने.
वडनेरले गेलतो. कापूस वेचून राह्यली होती. वावरातच सारं सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आठ दिवस मी हाताकडेच पाहून राह्यली काका. भाकर थापतानाही." हातातला कापूस ओट्यात टाकला. मग, "सायबाले सांगसान?"
"सांगतो."
बापानं चहा पाजला. त्याले काईच माहीत नाई, मले मान देऊन राह्यला होता.

१८ जाने.
सकाळपासून सायबाच्या दाराशी बाकावर. दोरी खिशात. सायब घाईत बाहेर आले. "काय हवालदार, रायफली ठीक?"
तोंडातून निघालं, "एकदम ठीक, सायेब."
जीपमधी बसले, गेले. मी तसाच उभा, सलाम ठोकून. थू माझ्या जिनगानीवर.
नागपूरची यादी उद्या बाराले टपालात पडते. सायबाचं ऑफिस दहाले उघडते.