एकशेवीस ओळी आणि मागली मेंढी

भोर, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५९

संध्याकाळी चिडलो होतो, आता लाज वाटतेय. पाच स्वर किती तऱ्हांनी मांडता येतात? एकशेवीस. गणिताचा मास्तर मी, सगळ्या ओळी वहीत लिहून काढल्या आणि त्यांतून निवडून नवी बंदिश बांधली. रविवारी बैठकीत गायची आहे. वेल्ह्याकडचे धोंडीबा धनगर घोंगडी द्यायला आले, तर हौसेनं त्यांनाच ऐकवली.

"लई झ्याक हाय, मास्तर. पन ह्यात थांबायचं कुठं?"

"थांबायचं कशाला, बाबा? मात्रांचा हिशेब चुकेल."

"मंग मागली मेंढी कशी यायची?"

मेंढीचा इथं काय संबंध? रागच आला. मग त्यांनी उलगडून सांगितलं.

लहानपणी आम्ही वेल्ह्यात होतो तेव्हा दिवस कलताना उतारावरून त्यांचा पावा ऐकू यायचा आणि मध्येच थांबायचा. आम्ही पोरं हसायचो, दमला धनगर! दमले कुठले? मागं राहिलेल्या मेंढीची घंटा कानावर यावी म्हणून थांबायचे. ती वाजली की पुन्हा फुंकायचे. आणि मला तरी काय आठवतं? पाव्याची चाल नाही. ते थांबणंच आठवतं.

वर्गात रोज शून्य शिकवतो, एकशेवीस ओळींत एकदाही घातलं नाही. आत्ता बंदिशीच्या तिसऱ्या ओळीतले दोन स्वर खोडून तिथं शून्य लिहिलं. गाऊन पाहिलं. त्या जागी आलो की घसा गप्प, आणि कान वेल्ह्याच्या उतारावर.